हिचा भाता कुठे आहे?

दिवाळीच्या सुमारास आमच्या आदिलाबादेत कापसाच्या गाड्यांची रीघ लागते. बाजाराच्या आवारात पांढरे ढीग चढत जातात आणि जिनिंगच्या कारखान्यांची घरघर रात्रभर कानी येत राहते. १९९१ साली अशाच दिवसांत मी आयुष्यातले पहिले वाद्य विकत घेतले. ते घेताना माझ्या हातून जे घडले, ते मी आजवर घराबाहेर कुणाला सांगितलेले नाही. परंतु या मासिकाच्या वाचकांपैकी अनेकांच्या माळ्यावर एखादी जुनी पेटी गवसणीत गुंडाळून ठेवलेली असेल. त्यांना ते सांगण्यास हरकत नसावी.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, एका जिनिंगमध्ये कारकून होते. दिवसा सरकीचा आणि रुईचा हिशेब, आणि एकादशीला विठ्ठलाच्या देवळात पेटी, असा त्यांचा नेम. पैनगंगेच्या अलीकडची आम्ही मराठी माणसे. १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्हा जुन्या हैदराबाद संस्थानाच्या मुलखात होता. राज्यांची पुनर्रचना झाली, किनवट नांदेडात गेले, राजुराही पुढे महाराष्ट्रात चंद्रपूरकडे गेले आणि आम्ही होतो तिथेच राहिलो. घरात मराठी, बाजारात तेलुगू आणि हैदराबादेहून आलेल्या व्यापाऱ्याशी दखनी, अशा तीन भाषा आमच्या जिभेवर एकाच वेळी नांदत असत. त्यातली घरातली भाषा टिकली, ती शाळेइतकीच भजनी मंडळामुळे टिकली, असे मी अनुभवाने म्हणेन.

त्या भजनी मंडळाची पेटी म्हणजे अण्णांचीच पेटी. तिचा भाता दोन ठिकाणी फुटला होता. अण्णांनी त्यावर कातड्याची ठिगळे लावली होती. तरी अभंग रंगात आला, की सुरांच्या बरोबरीने हवेचा फुसफुसाटही ऐकू येई. मी १९९१ च्या आरंभी शाळेत शिक्षक म्हणून लागलो. नव्या नोकरीत काही महिने पगाराची वाट पाहावी लागली आणि मग तो साचलेला पगार एकदम हाती आला. त्या दिवशी संध्याकाळी मी घरात जाहीर केले, “अण्णा, यंदाच्या कार्तिकीला तुम्हांला नवी पेटी.” अण्णा नुसते हसले. आईने मात्र ही वार्ता दुसऱ्याच दिवशी देवळात पोचवली.

आता माझ्या मनातला चोर सांगतो. लहानपणी रेडिओ सिलोनवर आणि विविधभारतीवर दोन कार्यक्रमांच्या मधली रिकामी मिनिटे भरण्यासाठी चित्रपटगीतांच्या धुना वाजवीत. त्यांत एक वाद्य असे, जे वाजत नसे, गात असे. व्हान शिपले, हजारा सिंग, सुनील गांगुली ही नावे निवेदकाच्या तोंडून ऐकून पाठ झाली होती. ते वाद्य म्हणजे विजेवर चालणारी हवाईयन गिटार, हे पुढे कळले. १९७३ च्या ‘यादों की बारात’मध्ये नायिकेच्या हाती गिटार पाहिली, ती बरीच वर्षांनी, एका फिरत्या तंबूत. आदिलाबादेत मात्र खरीखुरी गिटार मी कधी कुणाकडे पाहिलेली नव्हती.

पेटी आणण्यासाठी मी रात्रीच्या बसने हैदराबादेस निघालो. निर्मल, आर्मूर, कामारेड्डी असा तीनशे किलोमीटरांचा प्रवास. पहाटे गौलीगुड्याच्या स्थानकात उतरलो. ज्यांनी ते स्थानक पाहिले आहे त्यांना त्याचे निजामकाळातले अर्धगोल पोलादी छप्पर आठवत असेल. त्याखाली माणसांचा आवाज घुमटात घुमावा तसा घुमे. ते छप्पर २०१८ मध्ये कोसळले. तिथून चालत सुलतान बाजार. तिथे मराठी पाट्या, मराठी ग्रंथसंग्रहालय आणि ओळखीची माणसे. त्यामुळे आदिलाबादकरांना हैदराबादचा तेवढा भाग नेहमीच आपला वाटत आला आहे.

दुकान उघडताच मी आत गेलो. गल्ल्यावरच्या वयस्क गृहस्थांनी विचारले, “क्या होना, मियाँ?” मी अण्णांनी कागदावर लिहून दिले होते तसे सांगितले: साडेतीन सप्तकांची, डबल रीडची पेटी, सूर पालिताण्याचे असतील तर उत्तम. त्यांनी दोन पेट्या काढून पुढे ठेवल्या. मी भाता ओढला, पट्ट्या दाबल्या. पेट्या चांगल्या होत्या. आणि मग मान वर केली, तर भिंतीवर तांबड्या रंगाची गिटार टांगलेली दिसली.

“नुसती पाहतो,” असे मी म्हणालो. त्यांनी ती उतरवली, एका काळ्या खोक्याला तारेने जोडली आणि माझ्या हातात दिली. मी अंगठ्याने एकच तार छेडली. तो सूर दुकानभर पसरला, काचेच्या कपाटांना लागून परत आला आणि विरता विरेना. पेटीचा सूर भाता थांबला की संपतो. हा सूर हात काढून घेतल्यावरही आपला आपण जगत होता. माझ्या खिशात दोन हजार रुपये होते. गिटार सतराशे पन्नास, जोडतार साठ. खोक्याचे, म्हणजे अॅम्प्लिफायरचे, आणखी चौदाशे. ते माझ्यापाशी नव्हते. दुकानदारांनी मला फसवले नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. ते दोनदा म्हणाले, “इसके बगैर ये गूँगी है, सोच लो.” मी म्हणालो, पुढच्या महिन्यात येऊन घेऊन जाईन. पुढच्या महिन्यातही माझ्याजवळ तेवढे पैसे नसणार, हे मलाही ठाऊक होते.

ती गिटार कलकत्त्याच्या बनावटीची होती. आज कोणत्याही मोठ्या शहरात परदेशी वाद्ये सहज मिळतात. त्या वर्षी देशाचे आर्थिक धोरण नुकते कुठे बदलू लागले होते आणि परदेशी गिटार ही आमच्यासारख्यांनी चित्रातच पाहण्याची वस्तू होती.

परतीच्या बसमध्ये वाहकाने तिला सामान म्हणून वेगळे तिकीट लावले. निर्मलला चहासाठी गाडी थांबली, तेव्हा शेजारच्या उतारूने विचारले, “सतार है क्या?” मी होय म्हणालो. घर जसजसे जवळ येऊ लागले तसतशी माझी जीभ जड होऊ लागली.

घरी आलो तो आईने ओसरीवर पाट मांडला होता. पाटाभोवती रांगोळी, तबकात हळदकुंकू, झेंडूची दोन फुले आणि नारळ. अण्णा जिनिंगची रात्रपाळी करून आलेले, सदऱ्यावर कापसाचे तंतू तसेच. मी कापडी खोळ उघडली. कुणी काही बोलले नाही. क्षणभराने आईने गिटार उचलून पाटावर आडवी ठेवली, पेटीला लावायचे ते हळदकुंकू तिलाच लावले आणि फूल वाहिले. “वाजव बघू,” ती म्हणाली. मी तार छेडली. चिमणीने पंख झटकावेत एवढा आवाज आला.

अण्णा पुढे झुकले. त्यांनी तिच्या सपाट, भरीव लाकडावर बोटाने टिचकी मारून पाहिली. तंबोऱ्याचा भोपळा नाही, सतारीसारखे पोकळ पोट नाही. मग अगदी शांतपणे त्यांनी विचारले, “हिचा भाता कुठे आहे?”

मी खाली पाहिले. “तो राहिला, अण्णा.”

“बरं,” असे म्हणून ते आंघोळीला गेले.

कार्तिकी एकादशीला देवळात जाणे मला टाळता येईना. अण्णांनी जुनीच पेटी सोडली, ठिगळांवरून हात फिरवला आणि सूर धरला. मंडळातील एका वृद्ध टाळकऱ्याने सगळ्यांदेखत विचारले, “काय हो, पोरगा नवी पेटी आणणार होता ना?” मी खांबाआड बसलो होतो. अण्णांनी मान वर न करता उत्तर दिले, “गेला होता. पण मनासारखी मिळाली नाही त्याला.” आणि लगेच अभंग सुरू केला. विठ्ठलासमोर अण्णा खोटे बोललेले मी तेवढे एकदाच ऐकले. त्या रात्री त्या फुटक्या भात्याचा फुसफुसाट मला जितका ऐकू आला तितका देवळात दुसऱ्या कुणाला आला नसेल.

त्यानंतर मी गिटारीला हात लावला नाही. ती फडताळामागे उभी होती. पंधरवड्याने एका रविवारी अण्णांनी आपला रेडिओ कोनाड्यातून खाली काढला. हा रेडिओ म्हणजे घरातले एक दैवतच. १९६० च्या सुमारास घेतलेला, दिव्यांचा, म्हणजे आत काचेचे व्हॉल्व्ह असलेला. लावल्यावर अर्धे मिनिट तापायला घेई आणि मग बोलू लागे. त्याला हात लावण्याची मुभा आईलाही नव्हती. अण्णांनी त्याची पाठ माझ्याकडे वळवली आणि दोन लहान भोकांवर बोट ठेवले. “इथे पूर्वी आम्ही ग्रामोफोन जोडायचो. त्याचा बारीक आवाज या पेटाऱ्यातून मोठा व्हायचा. हा चालतो का बघ तुझ्या गिटारीला भाता म्हणून.”

आमच्या गावातल्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कारागिरास बोलावले. असल्या जुन्या यंत्रात विजेचा दाब जीवघेणा असतो, म्हणून त्याने आम्हां दोघांनाही दूर बसवले आणि जोडतारेचे टोक बदलून त्या भोकांत बसवले. रेडिओ तापला, आतून थोडी गुणगुण आली. मी तार छेडली आणि लहानपणी ज्या जाळीतून ते वाद्य पहिल्यांदा ऐकले होते त्याच जाळीतून माझा स्वतःचा सूर बाहेर आला. शेजारची मुले दारात गोळा झाली. त्यांनी तिला ‘करंटाची सतार’ असे नाव ठेवले, ते गल्लीत पुढे कित्येक वर्षे चालले.

हे कसे घडते, हे त्या कारागिराने आम्हांला सोप्या शब्दांत सांगितले होते. तारांच्या खाली लोहचुंबक असतात आणि त्यांच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार कंप पावली, की चुंबकाचे क्षेत्र हलते आणि त्या वेढ्यांत अगदी क्षीण वीज उत्पन्न होते. ती शेकडो पटींनी वाढवून कर्ण्याला दिली, की सूर होतो. फॅरडेने १८३१ मध्ये जे तत्त्व सिद्ध केले तेच हे. म्हणूनच या गिटारीला नायलॉनची तार लावली तर ती मुकी राहते. आणि म्हणूनच तिला पोकळ पोटाची गरज नसते. तिचे पोट दुसरीकडे, खोक्यात असते. अण्णांचा भात्याचा प्रश्न शास्त्राच्या दृष्टीनेही अचूक होता.

खरी अडचण पुढेच होती. मी बोटांनी सूर दाबून अभंगाची चाल काढू लागलो, तेव्हा अण्णा म्हणाले, “स्वर बरोबर आहेत, पण एका स्वरावरून दुसऱ्यावर तू उडी मारतोस. गळा असा जात नाही.” गिटारीच्या दांडीवरचे धातूचे पडदे स्वरांना बांधून ठेवतात, मींड नीट निघत नाही. मी जरा उद्धटपणेच म्हणालो, “अण्णा, मींड तुमच्या पेटीतही निघत नाही.” मला वाटले ते रागावतील. ते म्हणाले, “नाही निघत. म्हणून तर तिला रेडिओने इतकी वर्षे दाराबाहेर ठेवले होते.”

ती हकीकत खरी आहे. पेटी मूळची युरोपातली. पॅरिसच्या देबँ नावाच्या कारागिराने १८४२ मध्ये तिचे पेटंट घेतले. पायाने भाता चालवायचे ते वाद्य पुढे कलकत्त्यास द्वारकानाथ घोष यांनी मांडी घालून बसणाऱ्यांसाठी हातपेटीच्या रूपात आणले. महाराष्ट्रात संगीत रंगभूमीने तिला आपलेसे केले, गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी तिला स्वतंत्र वाद्याचा मान मिळवून दिला. तरीही १९४० मध्ये आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली. तिचे स्वर ठरीव, तिच्यात श्रुती नाहीत, मींड नाही, हा आक्षेप. ती बंदी १९७१ मध्ये सैल झाली. या एकतीस वर्षांत देवळादेवळांतून पेटी वाजतच होती. अण्णांनी ती बंदी रेडिओसमोर बसून सोसली होती, पेटी कधी सोडली नव्हती.

चार दिवसांनी अण्णा जिनिंगमधून येताना खिशातून कागदात गुंडाळलेले काहीतरी घेऊन आले. बोटभर लांबीचा पोलादी दांड्याचा तुकडा, कारखान्यातल्या फिटरकडून आरशासारखा घासून घेतलेला. “रेडिओवरचे ते लोक बोटांनी दाबत नसणार. तारेवरून असे काहीतरी फिरवत असणार. त्याशिवाय तो आवाज निघायचा नाही.” आयुष्यात गिटार न पाहिलेल्या माणसाने केवळ कानाने हे ओळखले होते. मी गिटार मांडीवर आडवी घेतली, तारा उंच व्हाव्यात म्हणून दांडीच्या टोकाशी शिसपेन्सिलीचा तुकडा सरकवला, आणि अण्णांनी पेटीवर काळी दोनचा सा धरून तारा जुळवून दिल्या. दांडा तारेवरून सरकला आणि षड्जापासून पंचमापर्यंतचा सगळा रस्ता, मधले एकही पाऊल न चुकता, ऐकू आला. अण्णांनी डोळे मिटले.

पुढे वाचनात आले, की आम्ही अज्ञानातून मुळाशीच पोचलो होतो. अमेरिकेत बोशां आणि रिकनबॅकर यांनी १९३१–३२ मध्ये जी पहिली यशस्वी विद्युत गिटार तयार केली, ती मांडीवर आडवी ठेवून पोलादी दांड्याने वाजवायची हवाईयन पद्धतीचीच होती; तिच्या आकारामुळे लोक तिला तळणीचा तवा म्हणत. आपल्याकडे ब्रिजभूषण काबरा यांनी अशीच आडवी गिटार घेऊन राग मांडले. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मांचे संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्या जोडीला त्यांचीच गिटार आहे. १९९४ मध्ये विश्वमोहन भट्ट यांना ग्रॅमी पुरस्कार मिळाला, तेव्हा अण्णांनी वर्तमानपत्रातला तो मजकूर कापून माझ्या हाती दिला आणि म्हणाले, “आपला दांडा तिकडे पोचला.”

नवी पेटी आम्ही १९९३ मध्ये घेतली. या खेपेस अण्णांना बरोबर घेऊन नांदेडला गेलो. त्यांनी सहा पेट्या वाजवून पाहिल्या, प्रत्येकीच्या भात्याला कान लावला आणि सातवी घेतली. तिच्यावर ते अकरा वर्षे वाजवीत होते. देवळातल्या त्या उत्तराविषयी आम्ही दोघे कधी बोललो नाही. मला क्षमा मागायची होती; आज मागू, उद्या मागू, असे करता करता २००४ साली ते गेले. ही एक गोष्ट माझ्याकडून राहिली, ती राहिलीच.

आता मीच मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसतो. आमच्या शाळेत मराठी, तेलुगू आणि गोंडी बोलणाऱ्या घरांतली मुले एका बाकावर बसतात. मराठीच्या वर्गात मुलांची संख्या वर्षागणिक कमी होत आहे, आणि हजेरीपटावरची प्रत्येक रिकामी ओळ मला टोचते. शास्त्राचे शिक्षक दरवर्षी विद्युत्चुंबकाच्या पाठासाठी माझी गिटार मागून नेतात. गेल्या वर्षी त्यांनी जोडतार काढून तार छेडली, तेव्हा गोंडी घरातील एका मुलीने विचारले, “सर, आवाज गेला कुठे?” शिक्षक म्हणाले, “आवाज आहे, मोठा करणारे कुणी नाही.” त्यांनी ते विजेविषयी सांगितले. दारात उभा असलेला मी त्या वाक्यापाशी बराच वेळ थांबलो. तेव्हापासून शनिवारी शेवटच्या तासाला आम्ही गाण्याचा तास घेतो. पेटी असते, गिटार असते, आणि मुले मराठी, तेलुगू, गोंडी अशी पाळीपाळीने आपापल्या घरची गाणी म्हणतात.

रेडिओ मुका झाला. त्याचे व्हॉल्व्ह आता मिळत नाहीत. कोनाड्यात तो तसाच ठेवला आहे. यंदा पावसाळ्यात अण्णांच्या पेटीचा भाताही उसवला. माझी मुलगी हैदराबादेस शिकते. ती म्हणाली, “बाबा, कार्तिकीच्या आत मी सुलतान बाजारातून नवी पेटी घेऊन येते.” मी तिच्या हाती पैसे दिले. साडेतीन सप्तकांची, डबल रीडची, सूर पालिताण्याचे असतील तर उत्तम, असे कागदावर लिहूनही दिले. बस सुटता सुटता मात्र मला राहवले नाही. खिडकीपाशी जाऊन म्हणालो, “पेटी मनासारखी मिळाली नाही, तर जे मनासारखे मिळेल ते आण. देवळात काय सांगायचे, ते मी बघून घेईन.”